बंद दाराचं वजन

नमुन्याची जुनी रेल टेम्पोतून उतरवायला दोन माणसं लागली. २.७ मीटर लांब, पोलादी पट्टी वाकवून केलेली, ग्रीसनं काळी पडलेली. आमच्या टूलरूमच्या मिस्त्री काकांनी ती काट्यावर ठेवली. काटा १७ किलोवर थांबला. काका म्हणाले, "ताई, ही डोक्याच्या वर धरून बोल्ट लावायचे म्हणजे खालच्या माणसाचा खांदा कामातून गेला."

भोसरीतला आमचा कारखाना चाळीसेक माणसांचा. आम्ही दारं बनवत नाही. दारं बनवणाऱ्यांना त्यांचे भाग देतो. मेट्रोच्या डब्यांना सरकती दारं पुरवणाऱ्या एका मोठ्या पुरवठादाराकडून काम आलं होतं. दाराच्या माथ्यावरची जी रेल असते, जिच्यावर दाराचे दोन्ही पल्ले टांगलेले असतात आणि सरकतात, ती निम्म्या वजनात हवी. ताकद तेवढीच, आयुष्य तेवढंच, बसवायची जागा तीच.

टनावारी वजनाच्या डब्यात १७ किलोची काय मातब्बरी, असं मलाही वाटलं होतं. पण एका दाराची एक रेल, डब्याच्या दोन्ही बाजू मिळून आठ दारं, म्हणजे नुसत्या रेलचेच १३६ किलो. तीन डब्यांची गाडी धरली तर चारशेच्या वर. मेट्रो दर दोन-अडीच मिनिटांनी थांबते आणि पुन्हा वेग घेते. प्रत्येक वेळी हे लोखंड नव्यानं पळवायचं आणि नव्यानं थांबवायचं. त्यामुळे डबा बनवणारे प्रत्येक भागाला वजनाची हद्द आखून देतात, आणि ती ओलांडली की आसनापासून दिव्यापर्यंत सगळ्यांच्या बैठका लागतात.

पहिल्या आठवड्यात मी जे केलं ते कुणीही करील. पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम घातलं. पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७. वजन एकदम तिसऱ्या हिश्शावर आलं. सरांनी कागद पाहिला आणि एकच आकडा विचारला, लवचीकतेचा. पोलादाचा २१० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. वजन तिसरा हिस्सा, तर ताठपणाही तिसरा हिस्सा. आकार तसाच ठेवून नुसता धातू बदलला तर जे वजन वाचलं तेवढाच वाक पदरात पडतो. ॲल्युमिनियमचा खरा फायदा वेगळा आहे. ते डायमधून, म्हणजे हव्या त्या आकाराचं भोक असलेल्या साच्यातून, दाबून काढता येतं. जिथं ताण आहे तिथं भिंत जाड, जिथं नाही तिथं पोकळ. आणि पट्टीची उंची वाढवली की ताठपणा उंचीच्या घनानं वाढतो. म्हणजे धातू बदलायचा तर आकार मुळापासून नवा काढायला हवा होता.

त्यासाठी भार माहीत हवा. मी पल्ल्याचं वजन धरलं, ३४ किलो. काचेसकट, रबराच्या कडेसकट. दोन ट्रॉल्यांवर, म्हणजे पल्ला धरून रेलमध्ये पळणाऱ्या रोलरच्या गाड्यांवर, विभागलं, वर थोडी सूट ठेवली आणि गणित संपवलं. सर म्हणाले, "तू डोंबिवलीची ना? गर्दीत दाराला पाठ लावून कोण उभं राहतं?"

याचं उत्तर मला कागदावर शोधायला नको होतं. बाबांनी तीस वर्षं डोंबिवलीहून लोकलनं ये-जा केली. मुंबईच्या लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत वेगळी संज्ञा आहे, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. मेट्रोत तेवढी गर्दी धरत नाहीत, पण पाठ तर तिथंही टेकतेच, आणि गाडी वळणावर गेली की मागच्या चार जणांचा रेटा त्या पाठीतून दारावर येतो. आम्हाला दिलेल्या तपशिलात हा रेटा होता: १००० न्यूटन, जमिनीपासून १.२ मीटरवर, पल्ल्याला आडवा. पल्ला १.९ मीटर उंच, वर रेलला टांगलेला, खाली उंबऱ्यापाशी अडवलेला. तरफेचा साधा हिशेब केला तर ६३२ न्यूटन वर रेलला येतात आणि उरलेले ३६८ उंबऱ्याला. पल्ल्याचं स्वतःचं वजन ३३४ न्यूटन. म्हणजे ज्या भारासाठी मी रेल काढली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट भार आडवा येत होता, आणि त्या दिशेनं माझी रेल कागदासारखी होती.

मग रेलचा आकार फिरवला. इंग्रजी सी अक्षरासारखी, तोंड आडवं, वरच्या आणि खालच्या ओठांच्या मध्ये रोलर. ट्रॉलीला तीन रोलर. कडेचे दोन एका ओठावर चालतात, मधला समोरच्या ओठावर. मधल्याची खीळ मुद्दाम केंद्राबाहेर ठेवलेली असते. ती पान्यानं फिरवली की तो रोलर हळूच वर सरकतो आणि सगळी ढिलाई जाते. ही रचना आमची नाही, सरकत्या कामात ती बरीच जुनी आहे. रोलर कशावर चालवायचे हा प्रश्न मात्र आमचा होता, आणि त्यानं आमचे सात महिने खाल्ले.

सगळ्यात हलका उपाय म्हणजे रोलर थेट ॲल्युमिनियमवर. वर हार्ड ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच कडक ऑक्साइडचा, ५० मायक्रॉनचा थर, पोलादी रोलर. नमुना झकास दिसायचा, गडद करडा, हात फिरवला तर काचेसारखा. त्याला पल्ला टांगून आम्ही शुक्रवारी घरी गेलो. सोमवारी पल्ला सरकवला तर पहिल्याच झटक्याला बारीक करकर ऐकू आली. भिंगातून पाहिलं, तर रोलर जिथं उभा होता तिथं थराला केसाएवढ्या भेगा. पावसानंतर शेतात चिखलावर पापुद्रा वाळतो. वरून कडक दिसतो, पाय ठेवला की फुटतो, कारण खालची माती मऊच असते. तसंच हे. थर कडक, पण त्याला पाठबळ मऊ धातूचं.

मग रोलर मऊ केले. पोलादी बेअरिंगवर नायलॉनचं कडं. ॲल्युमिनियमला धक्का नाही, आवाज नाही, ग्रीसही जवळजवळ नको. आठवडाभर आम्ही सगळे खूश होतो. पण एकदा तेच झालं. पल्ला दोन दिवस बंद राहिला, वर आम्ही आडव्या रेट्याची वजनं लावून ठेवली होती, आणि सरकवल्यावर 'धब, धब, धब' असा आवाज. नायलॉनचं कडं एका जागी दबून चपटं झालं होतं. चालताना ते हळूहळू गोल व्हायचं, उभं राहिलं की पुन्हा चपटं.

आज हे लिहिताना मला दिसतं, की दोन्ही वेळा रेल चालताना नाही, उभी असताना बिघडली होती. उत्तर समोर पडलेलं होतं. तेव्हा मी ते पाहिलं नाही. पहिल्या वेळी मी दोष थराला दिला, दुसऱ्या वेळी नायलॉनला.

तिसरी रचना टिकली. ॲल्युमिनियमच्या ओठांत खोबणी आणि त्या खोबणींत ६ मिलिमीटर व्यासाच्या कडक पोलादी सळ्या. रोलर सळीवर चालतो, सळी भार ॲल्युमिनियमवर पसरवते. रोलरच्या कडेलाही खोबण, सळीपेक्षा किंचित मोठ्या त्रिज्येची, म्हणजे सळी त्यात कुशीत बसल्यासारखी बसते आणि आडवा रेटा आपोआप पेलला जातो. प्रोफाइलचं छेदक्षेत्र ९.५ चौरस सेंटिमीटर आलं. २.७ मीटरला ६.९ किलो, दोन्ही सळ्यांचे १.२ किलो. एकूण ८.१. कागदावर आम्ही निम्म्याच्या खाली उतरलो होतो.

सळीचा धातू हा वेगळा धडा होता. सळी गंजू नये म्हणून स्टेनलेस हवी, पण घरातल्या भांड्यांचं ३०४ स्टेनलेस भट्टीत घालून कडक होत नाही. आम्हाला मार्टेन्सिटिक जातीचं हवं होतं, जे कडक होतं. पहिला लॉट आला तेव्हा माल उतरवून घेणाऱ्या मुलानं खिशातलं लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलंच नाही. मार्टेन्सिटिक चुंबकाला घट्ट धरतं, ३०४ जवळपास धरत नाही. सर्टिफिकेटवर सगळं बरोबर लिहिलेलं होतं. लॉट परत गेला. त्या मुलाला हे कुणी शिकवलं नव्हतं, भंगाराच्या दुकानात तो आधी काम करायचा तिथून तो ते घेऊन आला होता. तेव्हापासून आमच्या आवक तपासणीच्या कागदावर चुंबकाची ओळ आहे.

एक्स्ट्रुजनबद्दल, म्हणजे डायमधून धातू दाबून काढण्याबद्दल, थोडक्यात: डायमधून निघालेली लांब पट्टी सरळ दिसते, असते असं नाही. ओढून सरळ केल्यावरही तिला पीळ राहतो. आमच्या पहिल्या नमुन्यांत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एवढा पीळ होता की सरफेस प्लेटच्या अगदी सपाट फळीवर ठेवल्यावर एका कोपऱ्याखाली १.२ मिलिमीटरचं फिलर गेज, फट मोजायची पट्टी, जायचं. डाय दोनदा दुरुस्त झाला, एका जाड भिंतीतून धातू लवकर निघत होता आणि पातळ भिंत मागे राहत होती. भिंतींची जाडी एकमेकींच्या जवळ आणल्यावर पीळ आटोक्यात आला. वजन थोडं वाढलं, ते दुसरीकडून काढलं.

उन्हाचा हिशेब मला आवडला. पुण्यात जानेवारीच्या पहाटे कारशेडमध्ये ८ अंश असतात, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या डब्याच्या माथ्याच्या पेटीत ६५ अंश धरायचे. फरक ५७. एवढ्या फरकात २.७ मीटर ॲल्युमिनियम साडेतीन मिलिमीटर वाढतं, आतली पोलादी सळी १.६ च्या आसपास, आणि डब्याचा सांगाडा स्टेनलेसचा असेल तर तो २.६. तिघं तीन चालींनी चालणार आणि आम्ही त्यांना बोल्टांनी एकत्र बांधणार. मग रेलच्या मध्यावर एक गोल भोक ठेवलं, बाकीची सगळी लांबट, आणि प्रत्येक बोल्टाला आतून पोलादी बुश, म्हणजे नळीचा आखूड तुकडा. बोल्ट बुशवर घट्ट आवळला जातो, रेलला मात्र त्याच्याभोवती सरकायला जागा राहते. पल्ले दोन असल्यामुळे प्रत्येकाला रेलचा अर्धाच भाग लागतो. म्हणून सळ्याही अर्ध्या-अर्ध्या केल्या, १.३५ मीटरच्या, आणि बाहेरच्या टोकाला मोकळी जागा सोडली. मधलं टोकही मोकळंच ठेवलं, रेट्याखाली ती आपोआप जागेवर राहील या विश्वासावर. तो विश्वास खोटा ठरला. चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यात एक सळी तिळातिळानं बाहेर चालत आली आणि टोकाचं प्लास्टिकचं झाकण उडवून जमिनीवर पडली. रोलर सळीला दर फेरीत किंचित ढकलत होता, जाताना जेवढं, येताना त्याहून जरा कमी. मध्यावरच्या टोकाला आडवी पिन घातली. ती आजवर हललेली नाही.

हलक्या रेलचा आणखी एक स्वभाव बसवताना कळला. पोलादी रेल हट्टी असते. चौकट वाकडी असली तरी ती आपल्या सरळपणावर ठाम राहते आणि मधल्या फटी तशाच राहतात. आमची रेल ऐकणारी. बोल्ट आवळले की ती मुकाट्यानं चौकटीच्या वाकडेपणाला जाऊन चिकटते. डब्याच्या वेल्ड केलेल्या चौकटीत माथ्याला दोन-तीन मिलिमीटरचं उणंअधिक असतंच. त्यात मी वाक कमी करायला बोल्ट पाचाचे दहा केले होते. दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं की मधला बाक आठवा हिस्सा होतो, आणि पाच जादा बोल्टांचं वजन दीडशे ग्रॅमच्या आत. गणितात हे सोन्याहून पिवळं. प्रत्यक्षात दहा बोल्टांनी रेल दहा ठिकाणी वाकडी केली आणि ट्रॉली मधेच अडकायला लागली.

यावर तोडगा मिस्त्री काकांचा. ते मूळचे सुताराच्या घरचे. त्यांनी आधी दोन टोकांचे बोल्ट लावले, रेलच्या तोंडाशी सूत ताणलं आणि प्रत्येक बोल्टापाशी रेल आणि चौकट यांतली फट मोजून तेवढ्याच जाडीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, घातल्या. मग मध्यापासून बाहेरच्या बाजूला एकेक बोल्ट आवळत गेले. त्यांना हे करायला पंचवीस मिनिटं लागली. आम्ही शिमचा आकार घोड्याच्या नालासारखा केला, अर्ध्या आणि एक मिलिमीटरच्या, म्हणजे बोल्ट न काढता बाजूनं सरकवता येतात. बसवण्याच्या सूचनांमध्ये सूत आणि शिम आजही पहिल्या पानावर आहेत. कस्टमरच्या एका इंजिनीअरनं सुताच्या जागी लेझर सुचवला होता. वापरा म्हटलं, पण सूत खिशात असू द्या.

इथपर्यंत आलो तेव्हा वाटलं होतं, संपलं. कंपनाची चाचणी तेवढी उरली होती.

रेल्वेच्या डब्यात बसणाऱ्या वस्तूंसाठी आयईसी ६१३७३ हे मानक आहे. डब्याच्या आयुष्यभराची थरथर थोड्या तासांत दाबून बसवायची: उभ्या, आडव्या आणि लांबीच्या दिशेनं प्रत्येकी ५ तास, एकूण १५. दार गाडी धावताना बंद असतं, म्हणून पल्ले बंद ठेवून, कुलूप लावून, संपूर्ण यंत्रणा टेबलावर बसवली. पंधरा तासांनंतर काहीही तुटलं नव्हतं, एकही बोल्ट सैल नव्हता. अहवालात तसं लिहूनही झालं. परत आल्यावर काकांनी पल्ला हातानं उघडला आणि थांबले. पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. "ताई, इथं कान दे." बंद स्थितीतून निघताना एक बारीकसा 'टक'. बाकी सगळा प्रवास लोण्यासारखा, फक्त सुरुवातीला टक.

ट्रॉली उतरवली. सळीवर, रोलर जिथं उभे होते नेमक्या तिथं, भाताच्या दाण्याएवढे खड्डे. त्यांच्याभोवती तांबूस भुकटी, कुंकवासारखी. सळीचं पोलाद कडक होतं, तपासून घेतलेलं. भार मर्यादेत होता. तरी खड्डे.

या प्रकाराचं नाव मला ठाऊक होतं, फॉल्स ब्रिनेलिंग. पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. रोलर फिरत असतो तेव्हा तो स्वतःबरोबर ग्रीसचा पातळ पडदा ओढून नेतो, धातू धातूला लागत नाही. तो उभा राहिला आणि गाडी थरथरत राहिली की तो जागच्या जागी काही मायक्रॉन हलतो. तेवढ्या हलण्यानं नवं ग्रीस आत येत नाही, असलेलं बाजूला पिळून निघतं. मग धातूवर धातू घासतो, वरचा बारीक थर निघतो, हवेत गंजतो, आणि ती गंजाची भुकटी पॉलिश पेपरसारखी पुढचं काम करते. जास्त भारानं दाबून पडलेला हा खड्डा नव्हता. खरवडून झालेला होता.

त्या रात्री मी घरी बसून एक हिशेब मांडला, जो पहिल्या दिवशी मांडायला हवा होता. दोन स्थानकांमधलं आणि थांब्याचं मिळून अडीच मिनिटांचं एक आवर्तन धरलं, म्हणजे १५० सेकंद. दार उघडायला तीन, मिटायला तीन. म्हणजे पल्ला चालतो १५० पैकी ६ सेकंद. तेही प्लॅटफॉर्म त्या बाजूला असेल तर. दुसऱ्या बाजूचं दार कित्येक स्थानकं हलतच नाही. मी सात महिने सरकत्या दाराची रेल काढत होते, आणि माझं दार चार टक्के वेळसुद्धा धड सरकत नव्हतं. उरलेला सगळा वेळ ते बंद, थरथरत, माणसांचा रेटा पाठीवर घेऊन उभं होतं. फुटलेला पापुद्रा, चपटं नायलॉन आणि आता हे खड्डे, तिन्ही एकच गोष्ट सांगत होते.

खड्डे एवढे महत्त्वाचे का, तर दाराचा कंट्रोलर मोटरच्या प्रवाहावर लक्ष ठेवून असतो. पल्ल्याच्या वाटेत हात, पिशवी, पदर काहीही आलं की प्रवाह वाढतो, त्यावरून अडथळा ओळखून तो दार परत उघडतो. रोलर शेवटी खड्ड्यात उतरताना आणि त्यातून निघताना प्रवाह तसाच डोलतो. मग एक तर रिकामं दार विनाकारण उघडत राहणार, किंवा कुणीतरी वैतागून कंट्रोलरची मर्यादा वाढवून ठेवणार. मला दुसऱ्या शक्यतेची भीती वाटते. कारण मग अडकलेल्या हातालाही तेवढाच जास्त जोर सोसावा लागेल.

सळी आणखी कडक करून, वेगळं ग्रीस भरून थोडा फरक पडला असता. ग्रीस बदललंही, पातळ तेलाचं घेतलं, म्हणजे ते पिळून निघालं तरी लवकर परत झिरपतं. पण मूळ उपाय वेगळा होता: दार बंद असताना भार रोलरवर असायलाच नको. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत प्लास्टिकच्या छोट्या पाचरी बसवल्या. पल्ला मिटताना शेवटच्या १५ मिलिमीटरमध्ये त्याचा कोपरा पाचरीच्या उतारावर चढतो आणि तिच्या कुशीत घट्ट बसतो. आता आडवा रेटा पाचरीतून थेट चौकटीत जातो, वजनाचाही बराच भाग तिथंच टेकतो. रोलर जवळजवळ मोकळे. एक पाचर ६० ग्रॅमची. प्लास्टिक असल्यामुळे तिला आगीच्या ईएन ४५५४५ मानकातून जावं लागलं, त्यात दोन महिने गेले, पण ते काम कागदपत्रांचं होतं.

उतार किती द्यायचा यावर मात्र बरीच झटापट झाली. उतार तीव्र असला तर मोटर धापा टाकते, मंद असला तर पाचर पल्ल्याला धरून ठेवते आणि उघडताना सोडत नाही. तीन उतार करून पाहिले. मधला ठेवला.

कंपनाची चाचणी पुन्हा केली. पंधरा तासांनंतर काकांनी पल्ला उघडला आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक रेलला लावून ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी नुसती मान हलवली. सळीवर भिंगाखाली चकाकीचा एक डाग दिसत होता, खड्डा नव्हता.

उंबऱ्याचं सांगायचं राहिलं. खाली खोबण उंबऱ्यात ठेवली तर तिच्यात माती, वाळू, तिकिटाचे तुकडे, गुटख्याची पुडी, पावसाचं पाणी सगळं साठतं, आणि पल्ला त्यावरून चढायला लागतो. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या सरकत्या दाराचा उंबरा पाहा. म्हणून उलटं केलं. खोबण पल्ल्याच्या तळाला, तोंड खाली, आणि उंबऱ्यावर फक्त एक बुटका गोल खुंट. घाण साठायला जागाच नाही, जी येते ती खाली पडते. ही युक्तीही नवी नाही. पण मी ती ज्या समाधानानं ड्रॉइंगवर काढली तेवढं समाधान मला बाकीच्या गणितानंही दिलं नव्हतं.

टिकाऊपणाची चाचणी २०२५ च्या एप्रिलमध्ये लावली. १० लाख फेऱ्या, एका फेरीला ८ सेकंद. रात्रंदिवस चालवलं तरी ९२ दिवस. कारखान्याच्या कोपऱ्यात रिकाम्या चौकटीत एक दार उघडत होतं, मिटत होतं. पहिल्या आठवड्यात सगळे जाता-येता बघायचे, नंतर तो आवाज कुणाला ऐकूही येईना. रविवारी कुणीतरी धूळ अडवणाऱ्या ब्रशच्या सीलवर धुळीची पिशवी रिकामी करायचं, पुण्याची खरी धूळ, चाळलेली.

९ जूनला फेऱ्या सहा लाखांवर गेल्या होत्या. त्या दिवशी सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली, काही गेली. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाताना मुंब्रा लागतंच, बाबा रोज त्याच रुळांवरून जायचे. मी फोन लावला तर ते घरीच होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी मी आधी त्यांनाच फोन लावला. नंतर रेल्वेनं जाहीर केलं की साध्या, बिनवातानुकूलित लोकलनाही आपोआप मिटणारी दारं बसवणार. आत हवा खेळावी म्हणून दारांना झडपा, छतावर हवा आत ओढणारी यंत्रं, डब्यातून डब्यात जायला वाट. २०१७ च्या नाताळला बोरिवली ते चर्चगेट पहिली वातानुकूलित लोकल धावली तेव्हापासून मुंबईनं मिटणारी दारं पाहिली आहेत, पण साध्या लोकलचं दार आजही उघडंच धावतं. त्या संध्याकाळी मी चाचणीच्या रिगसमोर बराच वेळ उभी राहिले. दार उघडत होतं, मिटत होतं.

जुलैत दहा लाख पुरे झाले. सळीची झीज मायक्रोमीटरवर मोजली, मर्यादेच्या बरीच आत. पाचरींचा उतार थोडा चकचकीत झाला होता. एका रोलरचं सील फाटलं होतं, ते बदलून जाड केलं.

पहिल्या डब्यात रेल बसवायला मी काकांबरोबर गेले. त्यांनी ती एका हातानं माथ्याशी धरली, दुसऱ्या हातानं मधला बोल्ट फिरवला, आणि ओठांत धरलेलं सूत मला ताणायला दिलं.

परवा शनिवारी घरी जाताना कल्याणहून लोकल घेतली. दुपारची वेळ, गाडी रिकामी, म्हणून दारापाशी उभी राहू शकले. वर पाहिलं. जुन्या पोलादी दाराची चाकं माथ्याच्या पट्टीवर गंजून एका जागी बसलेली, पल्ला कधीचा सरकलेला नाही. इथं गर्दी कितीतरी जास्त, हवा खारट, पावसाळ्यात पाणी थेट आत. ॲल्युमिनियमला लागून पोलादी बोल्ट असला तर अशा हवेत ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, मधे नायलॉनचा वॉशर लागेल. रेटा हजार न्यूटनवर भागणार नाही, पाचर रुंद लागेल. डोंबिवली यायच्या आत मी दाराची रुंदी वितीनं मोजून घेतली आणि हातावर पेनानं लिहून ठेवली.